तान्ह्या पोळ्याच्या नंदीचा पाय दर वर्षी निखळतो? आधी तुटलेला सांधा नीट बघा

पोळा आठ दिवसांवर आला की मला टाकाऊ भांड्यांच्या नंदीचा तोच फोटो येतो, दर वर्षी, फक्त घर वेगळं. कुकरचं पोट, डावांचे पाय, चमच्यांचे कान, जुन्या इस्त्रीचं तोंड, आणि एक पाय बाजूला फरशीवर आडवा पडलेला. खाली प्रश्न, ताई आता कोणता गोंद लावू, हा तिसऱ्यांदा निघाला.

गोंद बदलू नका. म्हणजे लागलं तर नंतर बदलू, पण आधी तो निघालेला पाय उचला, खिडकीपाशी उजेडात न्या आणि जिथून निघाला तिथल्या दोन्ही बाजू बघा, पायाची पण आणि पोटाची पण. का निघाला ते तिथेच दिसतं. मला हे कळायला तीन पोळे गेले, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या नागपुरात आणि विदर्भात बऱ्याच ठिकाणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. त्याच दिवशी इकडे मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी, आणि संध्याकाळी लहान पोट्टे आपापले नंदी घेऊन निघतात. लाकडाचा नंदी, खाली पाटी, पाटीला चार चाकं, पुढे दोरी. घरोघरी जायचं, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात, सजावटीची स्पर्धा असते. आमच्या गल्लीत काही वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की नंदी घरातल्या निकामी सामानाचाच करायचा. पोरांना खूप आवडलं. पण शोकेसमध्ये ठेवलेला पुतळा आणि दोरीने रस्त्यावर ओढलेला पुतळा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आमचा रस्ता म्हणजे गट्टूचे दगड, प्रत्येक दगडाला एक धक्का, आणि गल्लीच्या टोकापर्यंत असे हजारभर धक्के खात तो नंदी जातो. घरी तीन महिने उभा राहिलेला पाय अर्ध्या तासात निघतो तो यामुळे.

माझ्या पहिल्या नंदीला मी ग्लू गनने पाय लावले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत केला आणि गच्चीवर ठेवला. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि उन्हात पडलेलं भांडं हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, हात लावून बघा. तो कांडीचा गोंद गरम करूनच वितळवलेला असतो, साठ-सत्तरला तो मऊ पडायला लागतो. दुपारी वर गेले तर चारही पाय बाहेर पसरलेले आणि गोंदाच्या तारा निघालेल्या. दुसऱ्या वर्षी थेंबाथेंबाने लावायचा तो झटपट गोंद वापरला. तो लागतो मस्त, सेकंदात, पण काचेसारखा कडक असतो आणि ठिसूळ पण, सरळ ओढलं तर निघत नाही आणि एक टिचकी मारली की टक्कन सुटतो. रस्त्यावर दहाव्या दगडाला गेला. तिसऱ्या वर्षी मळून लावायची इपॉक्सी पुट्टी आणली, लिंबाएवढा गोळा एकेका पायाला लावला, एक दिवस वाळवला, वाटलं आता हत्ती बसला तरी हलणार नाही. अर्ध्या गल्लीत मागचा डावा पाय गेला, आणि गोळ्यासकट गेला.

तो गोळा हातात घेऊन मी ओट्यावर बसले होते. शेजारचे काका आले, रेल्वेत फिटर होते, आता रिटायर. त्यांनी माझ्या हातातला गोळा घेतला, उलटा केला आणि मला दाखवला. जी बाजू कुकरला चिकटली होती ती आरशासारखी गुळगुळीत, कुकरच्या पॉलिशचा ठसा तिच्यावर जसाच्या तसा. आणि कुकरवर बघितलं तर काहीच नाही, पुट्टीचा कणसुद्धा नाही. काका म्हणाले, "काऊन वं पोरी, हे चिपकलंच नाही कधी. तू नुसता लेप लावून राहिली. दुखणं कुठं आहे ते पाह्य पहिले."

तेव्हापासून मी तुटलेला सांधा टाकत नाही, आधी वाचते. तीनच गोष्टी दिसू शकतात.

गोंद सगळाच्या सगळा एका बाजूला राहिला आणि दुसरी बाजू स्वच्छ, तर गोंद चांगला आहे, तो त्या स्वच्छ बाजूला बसलाच नव्हता. चूक पृष्ठभागाची. गोंद मधून फाटलाय, थोडा इकडे थोडा तिकडे, बोटाने दाबला तर रबरासारखा दबतोय किंवा चुरा होतोय, तर गोंद नीट मिसळला नाही किंवा पूर्ण वाळू दिला नाही. आणि गोंद दोन्हीकडे घट्ट बसलाय पण पायाची पट्टीच वाकली किंवा गोळ्याची वरची कड आधी उघडलीय आणि खालची नंतर, तर रचनाच अशी आहे की कुठलाही गोंद हरणार. शेवटचं सगळ्यात जास्त वेळा असतं. लोक पहिल्या दोनवर पैसे घालत राहतात.

पृष्ठभागाचं आधी सांगते कारण ते लवकर सुधारतं. स्वयंपाकघरातली वस्तू कितीही घासलेली असली तरी तिच्यावर तेल असतं, वर्षानुवर्षं फोडणीचं तेल उडून ते तापून तापून त्याची पातळ पिवळट वार्निशसारखी साय झालेली असते, कढईच्या बाहेरून आणि डावाच्या दांड्याच्या मागे बघा. साबणाने ती जात नाही. आधी खरखरीत पॉलिश पेपर घ्या, ८० नंबर, आणि जिथे जोड येणार तेवढीच जागा घासा, एका दिशेने नाही तर आडवी-उभी-तिरकी, चकाकी पूर्ण जाऊन राखाडी दिसेपर्यंत. मग थिनर किंवा अ‍ॅसिटोन स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसा, फडकं काळं निघत राहील तोवर फडक्याचा नवा कोपरा घेऊन पुसत राहा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातल्या पुष्कळांमध्ये नखं कोरडी पडू नयेत म्हणून तेलकट काहीतरी घातलेलं असतं. पुसल्यावर त्या जागेला बोट लावायचं नाही. एक सोपी परीक्षा आहे, त्या जागेवर पाण्याचे दोन थेंब टाका, पाणी पसरून सलग थर झाला तर जागा तयार, मोत्यांसारखे गोळे झाले तर अजून तेल आहे. पाणी नीट वाळवून मगच गोंद. नॉनस्टिक तव्याच्या काळ्या बाजूला मात्र यातलं काहीच लागू नाही, ती बाजू बनवलीच न चिकटण्यासाठी, तिथे भोकच पाडावं लागतं, आणि तो कोट जाळून काढायचा विचार करू नका, जास्त तापला की त्याचा धूर विषारी असतो.

मिसळण्याचं थोडक्यात. दोन्ही भाग सारखे घ्या, अंदाजाने नाही, शेजारी शेजारी ठेवून बघून, आणि रंग पूर्ण एकसारखा होईपर्यंत मळा, एक जरी पांढरी रेघ दिसत असली तरी ती जागा कच्चीच राहणार. गोंद लवकर वाळावा म्हणून हार्डनर जास्त घालणारे खूप आहेत, त्याने सांधा नरम राहतो, घट्ट होत नाही. उन्हाळ्यात पुट्टी हातातच गरम होऊन कडक व्हायला लागते तेव्हा एका पायापुरतीच मळा. श्रावणात उलटं, हवा दमट असते, भांडं पण ओलसर, म्हणून रात्री काम करून सकाळी हलवू नका, पूर्ण चोवीस तास आडवं पडून राहू द्या आणि त्या वेळात पाय सुतळीने बांधून ठेवा म्हणजे स्वतःच्या वजनाने सरकणार नाही.

आता रचना. खरं दुखणं इथे आहे.

माझा नंदी समोर ठेवूनच सांगते. पाच लिटरचा जुना कुकर, आडवा. बाहेरून व्यास साधारण २० सेंटीमीटर. पाय म्हणजे स्टीलचे चार डाव, दांडा वर आणि वाटी खाली उलटी, ती वाटी खुरासारखी दिसते, फार सुंदर दिसते. दांडा सपाट पट्टी, कुकर गोल. आता सपाट पट्टी गोल पोटाला लावली की ती टेकते कुठे? एका रेघेवर, बस. तिथून चार सेंटीमीटर वर गेलं की पट्टी आणि कुकर यांच्यामध्ये आठ मिलीमीटर फट, चार सेंटीमीटर खाली गेलं तरी तेवढीच. म्हणजे मी जो लिंबाएवढा गोळा लावत होते तो ती फट भरत होता, पाय धरत नव्हता. चिकटण्याचं काम एका रेघेवर चाललं होतं आणि चार पायांना चार रेघा. हे काकांनी मला कागद लावून दाखवलं, पट्टी आणि पोट यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवायचं, जिथपर्यंत सरकतं तिथपर्यंत पाय लागलेलाच नाही. तुमच्या नंदीला आज संध्याकाळीच हे करून बघा, गणपती, मोर, घुबड, काहीही असो.

उपाय, पट्टीलाच कुकरचा बाक द्यायचा. वरचा आठ सेंटीमीटर भाग लोखंडी पाइपवर ठेवून हळूहळू ठोकायचा, कुकरवर ठेवून ठोकू नका, अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडेल. पाइप कुकरपेक्षा बारीक घ्या आणि जरा जास्तच वाकवा कारण सोडलं की स्टील थोडं परत उघडतं. लावून बघा, काढा, ठोका, परत लावून बघा. एका पायाला वीस मिनिटं लागतात, पहिल्यांदा जास्त. पोस्टकार्ड कुठूनच शिरलं नाही की झालं.

आणि मग नट-बोल्ट. एकेका पायाला दोन. एक नाही, दोनच, कारण एका बोल्टावर पाय गोल फिरतो, कितीही आवळा, धक्क्याने हळूहळू ढिला होऊन फिरतोच, दोन बोल्ट एकाखाली एक घातले की फिरायला वावच नाही. मी ४ मिलीमीटरचे वापरते, भोक साडेचारचं. आतून मोठा वॉशर, म्हणजे पातळ पत्र्यावर ताण पसरतो, आणि नायलॉक नट, ज्याच्या आत प्लास्टिकची रिंग असते, तो धक्क्याने सुटत नाही. इतवारीच्या लोहाओळीत हे सगळं सुटं मिळतं, दोन बोल्ट मागा किंवा वीस. पॉप रिव्हेटची गन कुणाकडे असेल तर ते पण चालतं, विशेषतः जिथे आत हात जात नाही तिथे, पण रिव्हेट उद्या उघडता येत नाही, ड्रिलने तोडावा लागतो.

स्टीलला भोक पाडताना पुष्कळ जण हरतात म्हणून जरा थांबते. अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरला भोक लोण्यात सुरी गेल्यासारखं पडतं. डावाच्या स्टीलला पडत नाही. आपण काय करतो, ड्रिल फुल स्पीडवर टाकतो आणि हलक्या हाताने धरतो, बिट नुसता घासत राहतो, स्टील तापतं आणि त्याच जागी आणखी कडक होतं, बिटचं टोक निळं पडतं आणि मग काही केल्या आत जात नाही. उलटं करायचं. सेंटर पंचने आधी खूण ठोका म्हणजे बिट सरकणार नाही, स्पीड अगदी कमी, जोर भरपूर, आणि दोन-तीन थेंब तेल, घरातलं चालेल. बारीक कुरळी तार निघायला लागली की बरोबर चाललंय, नुसती भुकटी निघत असेल तर थांबा आणि बिट बदला. पट्टी लाकडावर ठेवून क्लॅम्पने आवळा, हातात धरून कधीच नाही, बिट पलीकडे निघताना पट्टीला पकडतो आणि गरकन फिरवतो, बोट जातं. डोळ्याला चष्मा. आणि हे काम मोठ्यांचं, पोरांना खुणा करू द्या, नट फिरवू द्या, रंगवू द्या.

मान हा वेगळा विषय आहे. इस्त्रीचा तळ म्हणजे हुबेहूब नंदीचं तोंड, वर रुंद कपाळ, खाली निमुळती होत गेलेली नाकपुडी, त्यामुळे सगळ्यांना तीच लावायची असते आणि लावावीच. पण जुनी इस्त्री जड. समजा सव्वा किलो आणि कुकरपासून वीस सेंटीमीटर पुढे. जोड तीन सेंटीमीटर उंचीचा असेल तर त्याच्या वरच्या कडेवर सव्वा किलो येत नाही, साधारण आठ किलोची ओढ येते, तरफेचा हिशोब आहे, आणि तो नुसता उभा असताना, दगडावरून उडी मारली की त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणून मान नेहमी वरून उघडते. निघालेली मान बघा, वरची कड आधी गेलेली दिसेल. इथे बोल्ट पण एकटा पुरत नाही कारण कुकरचा पत्राच आत ओढला जातो. मी काय केलं, आट्यांची सळी घेतली, तिला थ्रेडेड रॉड म्हणतात, आठ मिलीमीटरची, ती कुकरच्या तळातून आत घालून आरपार शेपटीकडे झाकणातून बाहेर काढली, पुढच्या टोकाला इस्त्री, मागच्या टोकाला नट, आणि कुकरच्या तळाला आतून आणि बाहेरून एकेक नट आणि रुंद वॉशर. आता डोक्याचं वजन पत्र्यावर नाही, ते सळीवर आहे आणि सळी दोन्ही टोकांना धरलेली आहे. खऱ्या बैलाला पण पाठीचा कणा मानेपासून शेपटीपर्यंत एकच आहे नं. इस्त्रीची वायर, कॉइल आणि आतलं सगळं आधी काढून टाका म्हणजे वजन पण थोडं कमी होतं.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची, आत हात कुठून जाणार ते पहिल्या दिवशी ठरवा. कुकर घेतला ते याच्यासाठी की त्याचं तोंड मोठं आहे, झाकण म्हणजे नंदीची मागची बाजू, ते सगळ्यात शेवटी लावायचं. ज्यांनी किटलीचा हत्ती केला, सोंडेच्या जागी किटलीची चोच, कल्पना छानच आहे, पण किटलीचं तोंड लहान, आत नट धरायला हात जात नाही, तिथे बोल्ट आतून बाहेर घाला, तारेला बांधून आतून ओढून काढा आणि नट बाहेरून लावा.

भोक पाडायचं जिवावर येत असेल तर घरात आधीच भोकं असलेल्या वस्तू शोधा, ही मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट आहे. झारा, चाळणी, किसणी, पुरणयंत्राच्या जाळ्या, मोदकपात्राची जाळी, कढईचे कान, तव्याचा दांडा काढल्यावर राहिलेली रिव्हेटची भोकं, दाराच्या बिजागऱ्या. या सगळ्यांना कारखान्यातूनच भोकं आहेत. आमच्याकडे एका ताईंनी मोर केला होता, पिसाऱ्याला पन्नासेक चमचे, सगळे एका स्टीलच्या ताटलीवर चिकटवलेले, रोज सकाळी दोन-तीन पिसं खाली पडलेली असायची. चमच्याचा दांडा बारीक, टोकाला वजन, म्हणजे प्रत्येक पीस एक छोटी मान. आम्ही ताटली काढली आणि मोठी चाळणी लावली, प्रत्येक दांड्याच्या टोकाला एक भोक, बाइंडिंगची तार चाळणीच्या जाळीतून घालून मागे पक्कडीने पीळ दिला. एक संध्याकाळ गेली. त्या मोराचं एकही पीस अजून पडलेलं नाही, आणि वारा आला की चमचे किंचित हलून एकमेकांना लागतात, त्याचा आवाज फार गोड येतो. मला वाटतं चिकटवलेल्या पिसाऱ्यात तो जिवंतपणा आलाच नसता.

चंदीगडचं रॉक गार्डन ज्यांनी बघितलंय त्यांनी आठवून बघा. नेकचंद यांनी तिथे फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, विजेच्या फिटिंगचं सामान यातून माणसं आणि जनावरं उभी केली, १९७६ साली ते लोकांसाठी उघडलं आणि ऊन-पाऊस खात ती अजून उभी आहेत. ते तुकडे वरून चिकटवलेले नाहीत, ओल्या सिमेंटमध्ये रुतवलेले आहेत, आणि भार वाहतो तो आतला सांगाडा. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचं डोकं केलं. लोक म्हणतात किती सोपं, पण दोनच वस्तू म्हणजे सांधाही एकच, आणि मी तर नवीन माणसाला हेच सांगते, पहिला नंदी करताना वस्तू कमी घ्या. वीस वस्तूंचा नंदी म्हणजे एकोणीस सांधे सांभाळायचे.

प्लास्टिकवाल्यांचा प्रश्न वेगळा. डब्यांची झाकणं, बादली, शाम्पूच्या बाटल्या, यांना इपॉक्सी लावली, वाळली, आणि सालासारखी निघून आली, हो नं? वस्तू उलटी करून त्रिकोणातला आकडा बघा. २, ४ किंवा ५ असेल तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन आहे, त्याला घरातला साधा कुठलाही गोंद धरत नाही, घासलं तरी नाही, त्याचा पृष्ठभागच मेणासारखा आहे. पैसे घालवू नका. तापवलेल्या सुईने किंवा ड्रिलने भोक पाडा आणि तारेने किंवा केबल टायने बांधा. जपानमध्ये जन्मलेली सायाका गँझ नावाची कलाकार आहे, ती प्लास्टिकचे चमचे, हँगर, चाळण्या असल्या टाकाऊ घरगुती वस्तूंचे पळते घोडे करते, ते तारेच्या सांगाड्यावर बांधलेले असतात. तिच्या घोड्यांची आयाळ बघितली की कळतं की बांधलेला सांधा लपवावा लागत नाही, तोच सुंदर दिसू शकतो.

आणखी एक तक्रार येते, ताई बोल्ट लावले तरी दुसऱ्या पावसाळ्यात ढिले झाले आणि बोल्टाभोवती पांढरी भुकटी. कुकर अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडाचा किंवा स्टीलचा, दोन वेगळे धातू एकमेकांना लागून ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं, ती भुकटी म्हणजे तेच. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दोघांच्या मध्ये आणि वॉशरखाली घाला, आणि आतल्या बाजूने रंगाचा एक हात मारा. त्या रबराचा अजून एक फायदा होतो. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, आपल्याकडे दुपार आणि पहाट यात भांड्याच्या तापमानात तीस-चाळीस अंशांचा फरक सहज पडतो, रोज ते पसरणार आणि आकसणार, कडक गोंदाला ते सोसत नाही आणि तो एका कडेने सुटत जातो, रबर मात्र दबतं आणि परत येतं. घरात ठेवलेला नंदी हात न लावता आपोआप कसा काय निघाला असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

आजीच्या पितळी गुंडाला किंवा तांब्याच्या घंगाळाला मात्र भोक पाडू नका. पितळ-तांब्याला साधा डाग, म्हणजे सोल्डर, चांगला बसतो, भांड्यांना डाग देणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडून लावून घ्या, नाहीतर सुतळीने बांधा आणि पोळा झाला की सोडून परत फळीवर ठेवा.

नंदी डुगडुगत असेल तर ते सांध्याचं नाही, चार पाय कधीच एका पातळीत येत नाहीत, पाटीवर ठेवून जो पाय वर राहतो त्याच्याखाली वॉशर घाला आणि खुराच्या वाटीतून पाटीत स्क्रू मारा. पुढे तोंडावर पडत असेल तर कुकरच्या मागच्या भागात वाळूची पिशवी ठेवा, झाकण लावायच्या आधी.

वशिंडाची वाटी, कान, कपाळावरचा गोंडा, गळ्याखाली लोंबणारी सायकलची चेन, यांना वजन कमी आणि ओढ कमी, तिथे इपॉक्सी बिनधास्त चालते, जागा घासून पुसून घेतली म्हणजे झालं. चेन मात्र दोन्ही टोकांना तारेने बांधा, ती झुलते.

सगळं झालं की तान्ह्या पोळ्याच्या दोन दिवस आधी, आदल्या रात्री नाही, नंदीला एकेका पायाला धरून उचला आणि दहापर्यंत मोजा. मग डोकं धरून उचला. मग गल्लीत एक फेरी ओढून आणा आणि आल्यावर प्रत्येक नट पान्याने तपासा, पहिल्या फेरीनंतर एखादा नट हमखास पाव आटा फिरतो कारण रबर आणि रंग दबून बसलेले असतात, तो परत आवळला की मग फिरत नाही. मी तरी त्या संध्याकाळी ७ नंबरचा पाना, चार जास्तीचे नट आणि हातभर तार ओढणीच्या टोकाला बांधून पोरांच्या मागे चालते. मागच्या पोळ्याला तो पाना लागला, पण शेजारच्या पोट्ट्याच्या लाकडी नंदीचं चाक निघालं होतं त्याच्यासाठी.